आधीच बसलेली

आमचा कारखाना म्हणजे खाली दुकान, वर एक लांब खोली आणि मध्ये कुरकुरणारा लाकडी जिना. हॉस्पिटलांच्या चादरी, पडदे, उशांचे अभ्रे शिवून द्यायचे, एवढाच धंदा. मी खाली बसते, कापड कापते, तयार माल मोजते. दोनदा मोजते. माझ्या हातून आजवर एक अभ्रा कमी गेलेला नाही की एक जास्त. ही फुशारकी नाही. पुढचं ऐकून बाईचं डोकं ठिकाणावर नाही असं कुणाला वाटू नये, म्हणून आधीच सांगून ठेवते.

धाकटी बहीण माझ्याकडे कामाला आली ती नवरा गेल्यावर वर्षभराने. सोबत तिची एकुलती एक लेक. पोरीच्या जिभेला धार आहे, म्हणून मी तिला मिरची म्हणते. वरच्या खोलीत तीन मशिनं धूळ खात पडली होती. म्हटलं, बसा दोघी.

"दोघींना नाही बसता येणार, ताई," धाकटी म्हणाली.

मला वाटलं मायलेकींचं काहीतरी बिनसलंय. पण घोडं पेंड खात होतं भलतीकडेच.

धाकटी अजून त्याच ख्रिस्ती मंडळीत आहे, जिच्यात आम्ही दोघी वाढलो. प्रभू उद्या येईल, आज येईल, या घटकेला येईल, तर त्याने आल्यावर आपल्याला तयार बघितलं पाहिजे. म्हणून दाराला आतून कडी घालायची नाही, केस मोकळे सोडून झोपायचं नाही, शिवण अर्धवट टाकून उठायचं नाही. नियम इतके, की चुकायला सुद्धा सवड मिळू नये. त्यात वडिलांनी एक नवा काढला होता. वडील म्हणजे आमचे बाबा नव्हेत, मंडळीचे पुढारी, त्यांना सगळे वडीलच म्हणतात. शास्त्रात सांगितलंय की दोघी कामाला बसलेल्या असतील, त्यातली एक प्रभूबरोबर स्वर्गात नेली जाईल आणि दुसरी मागे राहील. यावर वडिलांनी उपाय शोधला, की मुळात दोघींनी बसायचंच नाही. काम करा तर एकट्याने करा, नाहीतर तिघांनी.

"आणि तिघांतून एखादीला नेलं तर?" मी विचारलं.

"तिघांचं लिहिलेलं नाही."

आता यावर काय बोलणार, कपाळ?

नवरा होता तोवर त्यांच्या घरात तिघं होते. तो गेल्यावर वडिलांनी तोड काढली. बाप्तिस्मा झालेल्या, हयात असलेल्या माणसाचा अंगावरचा कपडा खुर्चीवर बसवायचा, वडिलांनी प्रार्थना करायची, की तिसरं माणूस हजर. घरी शेजारच्या एका म्हातारीचा झगा बसवला होता. इथे कुणाचा आणणार? धाकटीने माझ्याकडे बघितलं.

"तुझाही झालाय की बाप्तिस्मा. तो काही पुसला जात नाही."

झालाय खरा, दहाव्या वर्षी, प्रार्थनाघरामागच्या सिमेंटच्या टाकीत. बाविसाव्या वर्षी मी मंडळी सोडली. कारण सगळ्यांना सांगितलं ते वेगळं, खरं कारण हे: आठ वर्षांची असताना मी शाळेतून घरी आले, तर दार उघडं, ओट्यावर दूध तसंच, आणि आई नाही, धाकटी नाही. मी हाक मारली नाही. शेजारी विचारायला गेले नाही. पायरीवर बसले ती अंधार पडेपर्यंत, कारण मला कळून चुकलं होतं की सगळे नेले गेले आणि मी तेवढी राहिले. आई दवाखान्यात गेली होती, धाकटीच्या कानात मणी अडकला म्हणून. त्या दिवसाची भीती माझ्या पोटातून कधी गेलीच नाही. मिरचीच्या पोटात ती राहू नये, एवढीच माझी इच्छा होती. म्हणून नर्सिंगच्या कॉलेजचा तिचा अर्ज मीच भरला होता, धाकटीला न सांगता.

धाकटीला कामाची गरज होती आणि पोर माझ्या नजरेसमोर राहणार होती. दिला माझा जुना करडा स्वेटर.

वडील स्वतः आले. किडकिडीत, अदबशीर माणूस. त्यांनी स्वेटर खुर्चीच्या पाठीला घातला, एकूण एक बटण लावलं, दोन्ही बाह्या मशिनच्या टेबलावर नीट ठेवल्या आणि डोळे मिटून बराच वेळ पुटपुटले.

"मी बसवलंय, आता मीच उठवीन," ते म्हणाले. "मध्ये कुणी हात लावू नये. आणि कामाच्या वेळी तिला एकटं सोडू नये."

"दुपारचा चहा तिलाही पाठवायचा का?" मी विचारलं.

ते हसले नाहीत. "तिला काही लागत नाही," म्हणाले.

दोन माणसं दिवसाला ऐंशी अभ्रे करतात. पहिल्याच आठवड्यात वरून एकशेवीस यायला लागले. मी दोनदा मोजले, मग तिसऱ्यांदा मोजले. धाकटी कामाला वाघ आहे, म्हटलं, जेवणाची सुट्टीही घेत नसेल.

मग टाके दिसले. अभ्र्याला नाड्या आम्ही हातानेच टाकतो. उजव्या हाताचा टाका एका बाजूला कलतो, डाव्याचा दुसऱ्या. एकशेवीसपैकी चाळीस अभ्र्यांचे टाके डावखुरे होते. धाकटी उजवी, मिरची उजवी. आमच्या कारखान्यात डावखुरी मी एकटीच, आणि मी गेली सहा वर्षं सुई हातात धरलेली नाही.

मिरचीला खाली बोलावून घेतलं. "डाव्या हाताने कोण शिवतंय गं?"

ती एरवी एका शब्दाला चार शब्द देणारी. त्या दिवशी जमिनीकडे बघत राहिली.

"मी तिकडे बघत नाही, मावशी."

"बघत नाही म्हणजे?"

"दोरा ओढल्याचा आवाज येतो. आई म्हणते, आपलं लक्ष आपल्या कामात ठेवायचं." मग हळूच म्हणाली, "मला इथून जायचंय."

माझ्या मनात पाल चुकचुकली. तरी मी स्वतःलाच दटावलं. आईच्या धाकाने पोर काहीबाही ऐकतेय, दुसरं काय? त्याच दुपारी आमचा इस्त्रीवाला दारातून वळून म्हणाला, "अहो मालकीणबाई, तुम्ही इथे? मला वाटलं वर आहात. खोकलात ना आत्ता?"

मी वर गेले. मशिनं चालू होती, दोघी मान खाली घालून शिवत होत्या. तिसऱ्या खुर्चीवर स्वेटर होता, बाह्या टेबलावर, बटणं लावलेली. मी सहज म्हणून खुर्चीच्या बैठकीवर तळवा टेकवला. ऊबदार होती. उन्हाने तापली असेल, म्हटलं. त्या खोलीची खिडकी उत्तरेला आहे, हे मला जिना उतरल्यावर आठवलं.

पुढच्या सोमवारी कॉलेजची यादी लागली. मिरचीचं नाव पहिल्या दहात. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला. पोर आनंदाने रडली. मीही रडले, लपवत नाही.

धाकटीचा चेहरा मात्र पांढराफटक पडला.

"ही गेली तर आम्ही दोघीच उरतो," ती म्हणाली.

"कोण दोघी? तू एकटी उरशील, आणि एकटीला चालतं."

"मी आणि ती."

मला समजायला वेळ लागला. मिरची होती तोवर खुर्चीमुळे तीन होत होते. मिरची गेल्यावर त्याच खुर्चीमुळे दोन होणार होते.

"मग तो स्वेटर काढ आणि टाक कपाटात."

"वडील दौऱ्यावर आहेत. रविवारी येतील. दुसऱ्या कुणी उठवायचं नाही."

"तर तू रविवारपर्यंत कामाला येऊ नकोस."

"तिला एकटं सोडायचं नाही." मग माझा हात धरून म्हणाली, "रविवारपर्यंत थांबव तिला, ताई. दोनच दिवस."

"त्या दोन दिवसांत जागा जाईल. पुन्हा मिळायची नाही."

"मग पुढच्या वर्षी जाईल. प्रभूने तोवर वाट बघितली तर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ती जाणार," मी म्हटलं. "आणि तुला तीनच पाहिजेत ना? मी येऊन बसते तिसरी."

धाकटी माझ्याकडे बघत राहिली. तिच्या बघण्यात राग नव्हता. माझी कीवच येत असावी तिला.

"तू कशी बसशील, ताई? तू तर आधीच बसलेली आहेस."

गुरुवारी दुपारी मी मिरचीला बसमध्ये बसवून दिलं. खिडकीतून तिने माझे दोन्ही हात घट्ट धरले. "आईकडे बघ, मावशी." म्हटलं, "बघते. तू मागे बघू नकोस." बस वळली तेव्हा मला खरंच हलकं वाटलं. एक तरी सुटली, असं वाटलं.

साडेतीनला परत आले. खाली दुकानात कुणी नव्हतं. वरून मशिनचा आवाज येत नव्हता.

जिना चढले.

धाकटी आपल्या जागेवर बसली होती, हात मांडीवर. रडून रडून डोळे कोरडे झालेले.

तिसरी खुर्ची रिकामी होती.

समोर टेबलावर एक अभ्रा पडला होता. नाडी अर्धी टाकलेली, सुई तशीच कापडात.

"स्वेटर कुठंय?"

तिने मान वर केली.

"नेलं ताईला," ती म्हणाली. "माझ्यासमोर. शिवताशिवता. मी राहिले."

"अगं, मी इथे उभी आहे."

ती लगबगीने उठली. गिऱ्हाईक आल्यावर उठतात तशी. एक खुर्ची पुढे सरकवली.

"बसा ना," म्हणाली. "आपण कोण?"

मी तिला खांदे धरून हलवलं. आईचं नाव सांगितलं, पायरी सांगितली, कानातला मणी सांगितला. तिने सगळं मन लावून ऐकून घेतलं.

"ताईने सांगितलं असेल तुम्हाला," ती म्हणाली. "फार बोलायची ती."

डॉक्टर म्हणाले, धक्का बसलाय, वेळ द्या. वडील रविवारी येऊन रिकामी खुर्ची बघून गेले, माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. इस्त्रीवाला मला ओळखतो. हॉस्पिटलचा माणूस ओळखतो. आरशात बघते तेव्हा मीही ओळखते. धाकटी रोज वेळेवर येते, वर एकटी बसून शिवते, एकशेवीसचे चाळीस झालेत. मला बाई म्हणते. कधी वाकडा शब्द नाही. दुपारी कधीतरी तिच्या हुंदक्यांचा आवाज येतो. मी वर गेले की डोळे पुसते आणि विचारते, काही हवंय का बाई?

मिरचीला मी यातलं काही कळवलं नाही. शिकायला गेलेल्या पोरीच्या जिवाला घोर कशाला? सुरुवातीला तिचे फोन मला यायचे, मग आईलाच येऊ लागले. नव्या जागी रमली असेल, म्हटलं.

चार महिन्यांनी सुट्टी लागली आणि ती बसमधून उतरून सरळ दुकानातच आली. केस कापलेले, अंगाने भरलेली, चालण्यात ऐट आलेली. मी गल्ल्यामागून उठले, हात पसरले.

"आई वर आहे ना?" तिने विचारलं.

"आहे की," मी म्हटलं.

ती जिना चढून गेली. वरून दोघींच्या हसण्याचा आवाज आला, मग रडण्याचा. मी दोन कप चहा करून ठेवला. धाकटी तिचे कान भरत असणार, पण ती मिरची आहे, म्हटलं, आईला वेड्यात काढील आणि धावत खाली येईल.

अर्ध्या तासाने खाली आली. डोळे लाल. पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून तिने माझ्यासमोर ठेवलं.

"माझा गणवेशातला फोटो आहे," ती म्हणाली. "मावशीला फार हौस होती. ती कधी आली तर द्याल तिला?"

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. थट्टा नव्हती.

"देईन," मी म्हटलं.

"थँक्यू हं, बाई," ती म्हणाली, आणि शहाण्या मुलीसारखं जाताना दार हळूच लावून घेतलं.