गोमीबाईची शिंक

ताडपत्रीचे टोक उचलले, गोमीबाई वळवीने मिरचीच्या ढिगाशी नाक नेले, आणि तिला एकही शिंक आली नाही.

"झालं, उघडा," धनराज मुकादम म्हणाला.

नंदुरबारच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या रानात, वीस वर्षे हीच रीत होती. गोमीबाईच्या नाकाचे बुरशीशी हाडवैर. एक-दोन शिंका आल्या तर त्या मिरचीच्या; त्यापुढे सुरू झाल्या की ढिगाच्या पोटात बुरशी धरली आहे, असे समजायचे आणि तो ढीग बाजूला लोटायचा. बुरशी तपासणारी यंत्रेही आणली होती, पण मिरचीच्या खकाण्याने ती चार दिवसांत बसत. गोमीबाईचे नाक बसत नव्हते.

घरी मात्र त्याच नाकाने तिचा जीव खाल्ला होता. पावसाळाभर भिंतीला ओल, आणि ही तोंडाने श्वास घेत, उशीला टेकून बसल्या बसल्या डुलक्या काढणार. मग तालुक्याच्या दवाखान्यात अस्तर आले. नाकातला सुजरा पडदा खरवडून काढायचा आणि माणसाच्याच पेशींपासून काचपात्रात वाढवलेला नवा पडदा तिथे बसवायचा. त्याला वास कळे, पण धूळ-बुरशी त्याच्या खिजगणतीत नसे. शस्त्रक्रियेनंतर गोमीबाई कुशीवर झोपली. तिने पथारीवर पेढे वाटले.

पेढे सगळ्यांनी खाल्ले. तरी ढीग उघडायच्या वेळी तिलाच बसवले, आणि तीही बसली. "वास येतो ना मला," ती म्हणाली होती. मिरचीच्या झणक्यात बुरशीचा वास कुणाला कळतो, हे तिच्या ध्यानात आले नाही.

गोमीबाई धरून नऊ बाया तीन दिवस त्या ढिगाचे देठ खुडत होत्या. आतली मिरची करडी निघू लागली, तेव्हा धनराज म्हणाला, "दवाचा डाग असेल. बाई कुठे शिंकल्या?"

चौथ्या दिवशी गोमीबाईची धाकटी जाऊ सेवंती तापाने फणफणली. आठवडाभरात तिला चार पावले चालवेना. डॉक्टर खैरनारबाईंनी छातीचे चित्र दिव्यासमोर धरले. बुरशीची बारीक पूड फुप्फुसात खोल उतरली होती. फुप्फुस आता दगडासारखे कडक होत जाणार.

"मी पण तिथंच होते की," गोमीबाई म्हणाली.

"तुमच्याही छातीत थोडी आहे, मावशी. पूर्वी तिसऱ्याच शिंकेला तुम्ही सगळ्यांना उठवलं असतं."

सेवंतीच्या नाकाला प्राणवायूची नळी होती. ती हसली. "रात्री तुम्ही शिंकायच्या, तेव्हा मी पलीकडून शिव्या घालायची, जाऊबाई. आता शिंका की."

गोमीबाई उठून डॉक्टरांच्या मागे गेली. "काढा हे अस्तर."

"काढता येईल. पण जुना पडदा आम्ही खरवडलाय. त्या जागी जो वाढेल, त्याला बुरशी आठवेल की नाही, सांगता येत नाही. कदाचित नाक नुसतंच चोंदेल."

"चोंदू द्या."

दोन महिन्यांनी गोमीबाई पथारीवर परतली. नाक चोंदले होते, पाणी गळत होते, झोप पुन्हा बसूनच. एवढे सगळे जुने परत आले होते. सेवंती गेली त्याला पंधरा दिवस झाले होते. तिच्या पाटावर कुणी बसले नव्हते.

ताडपत्री उचलली. बाकीच्या सात बाया तोंडाला पदर बांधून उभ्या राहिल्या. गोमीबाईने ढिगात नाक घातले. झणका डोक्यात गेला, डोळ्यांतून पाणी आले. एक शिंक आली. मग दुसरी.

सगळ्या थांबल्या. गोमीबाईही थांबली. तिसरी आली नाही.

"बोला बाई," धनराज या वेळी हळू आवाजात म्हणाला. "उघडू?"

तिने आणखी खोल श्वास ओढून पाहिला. ढीग चांगला होता, की नाक अजून मुकेच होते? सात बाया तिच्या तोंडाकडे पाहत होत्या, आणि हे आता ती कुणाला विचारणार होती?