देवदूताच्या पायाआडचा आकडा

"टिलो, इकडे ये. इथे बस आणि वेदीशेजारच्या फळ्यावरचा, उद्याच्या प्रार्थनागीताचा आकडा वाच."

हातातला भोपळा खाली न ठेवताच टिलो आपल्या बहिणीशेजारी, फ्राउकेशेजारी, बाकावर टेकला. "तीन, दोन... आणि पुढचा दिसत नाही. देवदूताचा पाय मध्ये येतोय."

"तेच! मागच्या रविवारी तिन्ही दिसत होते."

"तू वाढली असशील."

"एका आठवड्यात?"

शाळेला शरदातली सुट्टी होती, उद्या सुगीचा सण होता, आणि लिंडेनबेक गावची मुलं चर्च सजवायच्या कामाला जुंपली होती. फ्राउकेचं मात्र कशातच लक्ष नव्हतं. उद्याच तिच्या तान्ह्या बहिणीचा, इडाचा, बाप्तिस्मा होता. वेदीसमोर छताला दोराने टांगलेला लाकडी देवदूत उद्या सावकाश खाली येणार, आई इडाला घेऊन त्याच्या अगदी पुढ्यात उभी राहणार, आणि त्याच्या हातातल्या शिंपल्यातलं पाणी इडाच्या डोक्यावर पडणार. गावातल्या प्रत्येकाचा बाप्तिस्मा असाच झाला होता.

मैत्रीण मेरले आपल्या बाकावरून ओरडली, "इथून तर सगळे आकडे दिसतात!"

"तुमचा बाक पार त्या टोकाला. तुला दिसणारच."

लिंडेनबेकमध्ये प्रत्येक घराचा बाक ठरलेला. दुसऱ्याच्या बाकावर बसायचं नाही, हे इथलं पोर चालायच्या आधी शिकतं. त्यामुळे देवदूताचा पाय आणि तो फळा एका रेषेत कुणाला दिसत असतील, तर ते फक्त फ्राउकेच्या घरच्यांना. आणि घरचे सगळे इडाच्या कौतुकात बुडालेले!

चर्चच्या मंडळाचे प्रमुख हार्टविग काका शिडीवर चढून गव्हाच्या लोंब्या बांधत होते.

"काका, देवदूत खाली सरकतोय."

"तीनशे वर्षं टांगलेला आहे तो. नेमका तुझ्या सुट्टीत कसा सरकेल?" काकांनी मान वळवायचीही तसदी घेतली नाही. "उन्हाळ्यात मी स्वतः माळा झाडून घेतलाय. वर सगळं ठाकठीक आहे. भोपळे मांडा भोपळे."

"चला, माळ्यावर," फ्राउके दबक्या आवाजात म्हणाली.

माळ्याची किल्ली मेरलेच्या आजोबांकडे असे. ओट्टो आजोबा चर्चची घंटा वाजवत. ते पायरीवर बसून आलुबुखाराचा केक खात होते.

"कसा झालाय, आजोबा?" मेरलेने विचारलं.

"तक्रार नाही."

याहून मोठी स्तुती आजोबांच्या तोंडून आजवर कुणी ऐकली नव्हती. ते दुसऱ्या तुकड्यात गुंतले आणि मेरलेने खिळ्यावरची किल्ली अलगद काढली.

माळ्यावर वटवाघळांचा वास होता. छताच्या भोकातून वर आलेला देवदूताचा दोर एका चाकावरून जात होता आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला लाकडी पेटी लटकत होती. टिलोने बोट लावताच पेटी झुलली.

"रिकामी आहे!"

"यात दगड असायचे," मेरले म्हणाली. "देवदूताच्या वजनाइतके. आजोबा सांगतात ना, प्रत्येकावर चुन्याची पांढरी रेघ आहे."

आता दोर नुसता एका खिळ्याला गुंडाळला होता, आणि तो खिळा वाकला होता. ज्या तुळईत तो ठोकला होता, तिच्यावरच पलीकडे घंटा टांगलेली. म्हणजे घंटा वाजली की तुळई हलणार, आणि दोर थोडा सुटणार. उद्या तर घंटा कितीतरी वेळ वाजणार होती.

"पांढऱ्या रेघांचे गोल दगड?" टिलोने डोकं खाजवलं. "ते तर दारातल्या गुलाबांभोवती लावलेत. मी रोज त्यांच्यावरून उड्या मारतो."

तिघं धडाधडा खाली उतरली.

"गुलाबांभोवतीचे धोंडे? कचरा होता तो," हार्टविग काका म्हणाले. "दोर मीच बांधलाय, पक्का. आणि माळ्यावर कुणाला विचारून गेलात?"

"काका, देवदूताखाली उद्या इडा असणार आहे!" फ्राउके शिडीला धरून म्हणाली.

तेवढ्यात ओट्टो आजोबा हात पुसत आत आले. सहाची घंटा वाजवायची वेळ झाली होती.

"आजोबा, आजच्या दिवस नका वाजवू."

"सहाची घंटा माझ्या बापाने चुकवली नाही, मीही नाही चुकवायचो."

फ्राउकेने एक क्षण विचार केला. मग उद्या आई जिथे उभी राहणार होती, तिथे तिने उंच स्टूल ठेवलं आणि त्यावर टिलोचा भोपळा.

"काका, शिडीवरून उतरा आणि आमच्या बाकावर बसा. एवढंच करा. मग मी गप्प राहीन."

कुणी दुसऱ्याचा टूथब्रश वापरायला सांगावं, तसा काकांचा चेहरा झाला. पण ते बसले, अगदी कडेला. मुलं भिंतीशी सरकली. मनोऱ्याखाली आजोबांनी घंटेचा दोर ओढला आणि घंटा घणघणली.

"तीन, दोन," काका कंटाळून वाचू लागले. "पुढचा नाही दिसत. तीन..." ते थबकले. "फ्राउके, तो दोन कुठे गेला?"

उत्तर द्यायला वेळच मिळाला नाही. वर काहीतरी कडाडलं, दोर सणसणला आणि देवदूत पंखांसकट खाली आला. भोपळ्याची दोन शकलं झाली, बिया वेदीच्या पायऱ्यांवर उडाल्या. वर रिकामी पेटी चाकात अडकली म्हणून देवदूत जमिनीवर आपटला नाही. तो तसाच डुलत राहिला. एक अंगठा तुटला होता, पण चेहऱ्यावरचं हसू शाबूत होतं.

घंटा थांबली. आजोबांनी डोकावून पाहिलं.

हार्टविग काका त्या भोपळ्याकडे बघत राहिले. मग ते बाहेर गेले आणि गुलाबांभोवतीचे दगड उकरू लागले. मुलं मदतीला धावली, पण काका एकही दगड उचलू देईनात. "मी खाली आणले, मीच वर नेणार," एवढंच ते म्हणाले. दर खेपेला माळ्याच्या शिडीवर त्यांचं धापा टाकणं ऐकू येत होतं. आजोबांनी नवा दोर ओवला.

रविवारी देवदूताला खाली आणायचा मान फ्राउकेला मिळाला. तिने दोरी हळूच ओढली. देवदूत इतका अलगद उतरला की शिंपल्यातलं पाणीसुद्धा हिंदकळलं नाही. इडा शिंकली आणि सगळं चर्च हसलं. पाळकबाईंनी तिघांची नावं सगळ्यांसमोर घेतली. काका आपल्या बाकावरून उठले आणि म्हणाले, "पोरं सांगत होती. मी ऐकलं नाही. चूक माझी."

बाहेर पडताना ओट्टो आजोबा फ्राउकेसमोर थांबले. त्यांनी आईच्या कुशीत झोपलेल्या इडाकडे पाहिलं, मग फ्राउकेकडे. बराच वेळ टोपी चाचपली.

"तक्रार नाही," ते म्हणाले.

फ्राउकेने पटकन तोंड फिरवलं. डोळे भरून आले होते आणि टिलोला ते दिसले असते, तर त्याने वर्षभर चिडवलं असतं.