सात नंबरचा ‘निरंक’

“मावशी, अहवाल कुठे द्यायचा हो?”

मावशी? मी?? सव्वीस वर्षांची मी! डोक्याला फडकं, अंगात रबरी एप्रन, कोपरापर्यंत चिखल – कबूल. पण समुद्रतळाचा गाळ चाळणीत धुवायचा, तर काय नटूनथटून बसू?

“इकडे द्या, काका,” मी म्हटलं.

तो हसला. गालाला खळी पडत होती... पडू दे, मला काय त्याचं! मी अहवाल उघडला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. समुद्रात पवनचक्क्या उभ्या करायच्या आधी तळाशी कोण कोण राहतं, ते तपासून आमच्या प्रयोगशाळेत कळवायचं असतं. सात नंबरच्या जागेपुढे, ‘आढळलेले जीव’ या रकान्यात, सुबक अक्षरात एकच शब्द – निरंक. म्हणजे काही नाही. शून्य!

“हे कोणी लिहिलं?”

“मी. कंपनीचा इंजिनीअर. अक्षर चांगलंय ना?”

“अक्षराचं काय लोणचं घालू? सोमवारी तिथे खांब ठोकणार तुम्ही!”

“गाळ उचलायचा लोखंडी पंजा खाली सोडला, तो रिकामाच वर आला. म्हणून...”

“नीट मिटला होता?”

तो कानाची पाळी चोळू लागला. “शिंपला अडकला होता... थोडासा.”

“थोडासा! म्हणजे गाळ वाटेतच सांडला. भांडं तुमचं फुटकं, आणि रिकामा म्हणे समुद्र! अहो, पंजा रिकामा आला तर पुन्हा टाकायचा, तीनदा टाकायचा!”

“काम लांबलं तर साहेब मला सोलून काढतील.”

“आणि खांबाखाली जे मरतील, त्यांनी कुठल्या साहेबाकडे जायचं?”

दुसऱ्या दिवशी सात नंबरला पुन्हा पंजा टाकायला जायचं, तर तो माझ्याआधी बोटीवर. नवे कोरे बूट, लेबलासकट. बोट हलली तसा चेहरा हिरवागार. मी लिंबाची गोळी दिली – रागानेच, हं!

तिसऱ्या खेपेला पंजा घट्ट मिटून आला. चाळणीतून गाळ वाहून गेला आणि मागे उरल्या वाळूच्या इवल्या नळ्या, आत केसाएवढे किडे. शर्टाच्या बटणाएवढा एक तारामासा हळूच हात हलवत होता.

“हा... जिवंत आहे?” त्याने चाळणीवर वाकून विचारलं.

“तुमच्या मते निरंक!”

त्याने तिथेच तो शब्द खोडला. लिहिलं – ‘जीव आहेत. खांब इथे नको.’ खाली सही. मग साहेबांना फोन. आरडाओरडा मलाही ऐकू येत होता.

“नाही साहेब,” तो शांतपणे म्हणाला, “काल ती चूक होती. आज तसंच ठेवलं तर खोटं होईल.”

माझा राग... कुठे बरं ठेवला होता मी?

किनारा जवळ आला. “एक विचारू? रागावणार नाही ना?”

“रागावणारच.”

“तुमच्या आयुष्यात... कोणी?”

“निरंक!” मी फटकन म्हणाले.

“किती वेळा तपासलंत?”

मी धुतलेली चाळणी उगाच पुन्हा धुवायला घेतली.

“रिकामा आला तर पुन्हा टाकायचा – तुम्हीच म्हणालात.” आणि त्याने हात पुढे केला.

“परत मावशी म्हणालात तर याद राखा!” मी चिखलासकट माझा हात त्यात ठेवला.

या खेपेला पंजा नीट मिटला.