हाब्बोच्या क्रँकचा प्ले

हाब्बो उबेन याची व्हॅन ट्रॅक्टरने ओढत गेशेच्या वर्कशॉपच्या दारात आणली गेली, तेव्हा तिने कपाळाला हात लावला. माणूस गेला, पण जाताना आपल्या डोक्याला काम लावून गेला, असं तिला वाटलं. हाब्बोला फेब्रुवारीत पुरलं होतं. त्याच्या शवपेटीला पुढून गेशेचा भाऊ ओक्को होता आणि मागून गेशे स्वतः.

व्हॅन धावती करून हवी होती ती तालेआला, त्याच्या बायकोला. लग्न झाल्यापासून दर उन्हाळ्यात हाब्बो तिला डोंगर दाखवायला नेणार होता आणि दर उन्हाळ्यात काहीतरी आडवं यायचं. त्यांच्या गावात समुद्राचा बांध हीच सगळ्यांत उंच जागा. तालेआ साठी ओलांडून गेली तरी तिने बांधापेक्षा उंच काही पाहिलं नव्हतं. आता रविवारी निघायचंच, असं तिने ठरवलं होतं. दोघी एका बाकावर शिकलेल्या, त्यामुळे गेशेला नाही म्हणायची सोय नव्हती.

इंजिन खाली काढल्याबरोबर खोट कळली. टोकाचं जड चाक, फ्लायव्हील, धरून ढकललं की आतला मुख्य दांडा, क्रँकशाफ्ट, खट् करून मागे जायचा, ओढलं की खट् करून पुढे यायचा. लांबीच्या दिशेने क्रँकला हलायला जागा, म्हणजे प्ले, लागते, पण ती केसाएवढी. त्याहून कमी ठेवली तर इंजिन तापल्यावर क्रँक जाम होतो, जास्त ठेवली तर तो आतून घण घालत राहतो. इथे तर नख शिरेल एवढा प्ले होता. क्रँकला थोपवणाऱ्या बेअरिंगची कड पार झिजली होती.

"क्लचवर पाय ठेवून चालवायचा ना?" गेशेने विचारलं. क्लच दाबला की क्रँक मागे रेटला जातो, आणि पाय उचललाच नाही तर बेअरिंगची कड खलास होते.

"जन्मभर ओरडले," तालेआ म्हणाली. "गीअर पडला की पाय काढ, पाय काढ. ऐकेल तर शपथ."

गेशेने नवं बेअरिंग घातलं. फ्लायव्हीलमागे तीन पातळ चकत्या घातल्या, हालचाल मोजणाऱ्या डायल गेजचं टोक फ्लायव्हीलला टेकवलं, ढकललं, ओढलं. काटा मिलिमीटरचे दहा शतांश फिरला. हवा होता तसाच. हात धुऊन ती वर्कशॉपमागच्या आपल्या घरी गेली.

सकाळी क्रँक मागे सरकलेला होता. येता-जाता कोणाचा तरी धक्का लागला असेल, असं म्हणून तिने सहज परत मोजलं. प्ले वाढला होता.

तिने ओक्कोला फैलावर घेतलं. ओक्को शेजारच्या शेडमध्ये ट्रॅक्टर दुरुस्त करायचा आणि तिची हत्यारं न विचारता न्यायचा. या वेळी मात्र तो निर्दोष होता.

"तुझ्या इंजिनाला मी हात लावत नाही," तो म्हणाला. "तुझी जीभ माहितीय मला. चष्म्याचा नंबर काढून घे एकदा."

तिने जाड चकती घातली, काटा जागेवर आणला. जेवून आली तर पुन्हा तेच. गेज बदललं. स्टँड तिरका आहे का, ते पाणसळ लावून पाहिलं. जवळपास एखादं लोहचुंबक नाही ना, म्हणून अख्खं टेबल रिकामं केलं. ओक्को दारात उभा राहून गालात हसत होता, म्हणून तिने त्यालाच गेजसमोर बसवलं आणि स्वतः फ्लायव्हील आपल्याकडे ओढलं. ठक् करून ते पुढे आलं. तिने हात काढला.

काटा परत फिरायला लागला. स्प्रिंग सुटल्यासारखा झटक्यात नाही. सावकाश, बेताबेताने, आरामात बसलेल्या माणसाने पायाचा भार टाकावा तसा. फ्लायव्हील पार आत गेलं आणि तिथेच राहिलं.

ओक्को गेजकडे बघत बसला. मग ट्रॅक्टरचं काम राहिलंय, असं काहीतरी पुटपुटत उठला. त्या दिवसानंतर तो तिच्याकडे एक पाना न्यायलाही आला नाही.

गेशेने इंजिन पुन्हा उघडलं. नव्या बेअरिंगच्या कडेला एका बाजूने लखलखीत झीज होती. हजारो किलोमीटर धावल्यावर पडते तशी. इंजिन अजून एकदाही चालू झालं नव्हतं.

तिला भीती नाही वाटली, संताप आला. आणखी एक नवं बेअरिंग आदळून घातलं, चकत्या घातल्या, काटा जागेवर आला न आला तोच सील ठोकलं, बोल्ट आवळले आणि इंजिन व्हॅनमध्ये चढवून टाकलं.

रविवारी सकाळी तालेआ पिशवी घेऊन आली. बाहेर लख्ख ऊन होतं. शेवटची तपासणी उरली होती. गेशेने तिला गाडीत बसवलं, सांगेन तेव्हा क्लच दाब म्हणाली आणि स्वतः व्हॅनच्या मागे, जिथे इंजिन होतं तिथे, आडवी झाली.

"दाब."

क्रँकच्या मागच्या टोकाची पुली तिच्याकडे आली, केसभर. क्लच सोडायला सांगून गेशेने ती अंगठ्याने परत आत ढकलली. पुन्हा दाब, पुन्हा सोड. प्रत्येक वेळी अगदी हवं तेवढंच. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला बरं वाटलं. बराच वेळ डोळे मिटून ती तशीच पडून राहिली.

"आता एकदाच. दाब."

पुली आली.

"सोड."

अंगठा टेकवला. पुली जाईना. पूर्ण जोर लावला, तरी जाईना.

"तालेआ, पाय काढ गं."

तिच्या डोक्याशी तपकिरी बूट येऊन थांबले. तालेआ चहाचा कप घेऊन उभी होती.

"मी केव्हाच उतरले," ती म्हणाली. "चहा आणायला गेले होते तुझ्या स्वयंपाकघरात."

गेशे हलली नाही. अंगठ्याखाली पुली घट्ट होती. जिवंत माणसाच्या पायाला असतो तसा तिला एक बारीक कंप होता.

तालेआने कप जमिनीवर ठेवला. सुस्कारा टाकला. तिचे बूट गाडीच्या पुढच्या बाजूला गेले आणि चालकाच्या दाराशी थांबले.

"हाब्बो," ती म्हणाली. "पाय काढ. त्या बिचारीला काम करू दे."

पुली आत गेली.

गेशे उठून चालकाच्या सीटवर जाऊन बसली. तिने किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं आणि शांतपणे चालत राहिलं. तिने इंजिन चालूच ठेवलं, उतरली आणि हत्यारं गोळा करायला मागे गेली. तालेआने पिशवी आत टाकली, वळसा घालून ती चालकाच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसली आणि पट्टा लावला. मग काच खाली करून तिने डोकं बाहेर काढलं.

"बाजूला हो गं, गेशे," ती वैतागून म्हणाली. "मागे घेताना तो आरशात बघत नाही."