निळं जाकीट

मर्लने ते निळं कॉर्डरॉयचं जाकीट बहिणीच्या, आर्डिसच्या, स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं, आणि कॉफीचा कप तोंडाशी नेता नेता तिचा हात थबकला... बासष्ट वर्षांनी पुन्हा तेच जाकीट!

"कसरीने बाही खाल्लीये. तेवढं रफू करून दे," मर्ल म्हणाला. "ह्या शनिवारी गावच्या संग्रहालयात ठेवतायत. सोबत ही चिठ्ठी लावणार आहेत. जोलीनने लिहिलीये."

जोलीन म्हणजे मर्लची मुलगी. आर्डिसने चष्मा लावून वाचलं : 'मर्ल हॉगेन यांचे जाकीट. जिल्ह्याच्या जत्रेतील सर्वोत्कृष्ट गोऱ्हा, १९६०.'

तिने सुई घेतली, निळा दोरा ओवला आणि टाके घालू लागली.

आयोवातल्या त्या शेतावर रस्टी नावाचा तो गोऱ्हा तिने वाढवला होता. चौदा महिने पहाटे उठून मका भरडला, त्याला दोरीने चालायला शिकवलं, अंग धुऊन केस विंचरले. पण हे निळं जाकीट ज्याचा गणवेश होता, शेतकरी मुलांच्या त्या क्लबात तेव्हा मुलींना प्रवेश नव्हता. "मर्लच्या नावावर लाव. घरचंच आहे," वडील म्हणाले, आणि सतरा वर्षांच्या त्या पोरीने मान डोलावली. बक्षिसाच्या जोरावर मर्ल शेतकी कॉलेजात गेला. आई अंथरुणाला खिळली, आणि आर्डिस गोठ्यातच राहिली, ती कायमची! त्याचंही तिला फारसं वाटलं नाही. सलत होतं ते वेगळंच. निदान एकदा तरी, चारचौघांत, त्याने खरं सांगावं... एवढंच तिला हवं होतं.

"पेपरवाला फोटो काढायला आला होता, आठवतंय?" मर्लने अचानक विचारलं.

"आठवतंय."

"रस्टीची दोरी तुझ्या हातात होती. तो म्हणाला, मुलीला जरा बाजूला घ्या. तू माझ्याकडे पाहिलंस... आणि मी कॉलर नीट करत बसलो."

टाका चुकला. आर्डिसने तो उसवून पुन्हा घातला.

"कात्री दे. छातीवरचं माझं नाव उसवतो," मर्लने हात पुढे केला.

"खुळा आहेस का? नाव जाईल, भोकं राहतील. घातलंस तूच, नाव असू दे."

मग त्याने खिशातून पेन काढलं आणि चिठ्ठी उलटी केली. संधिवाताच्या बोटांनी तो कितीतरी वेळ लिहीत होता. ह्या शनिवारी अख्खं गाव हे वाचणार, हे त्याला ठाऊक होतं. शेवटी त्याने मोठ्याने वाचलं :

"'हा गोऱ्हा माझी बहीण आर्डिस हिने वाढवला. मी फक्त जाकीट घातलं. मर्ल.'"

आर्डिसच्या डोळ्यांतून धारा लागल्या... किती वर्षं आवरलेल्या! तिने त्या पुसल्याही नाहीत.

"एवढंसं लिहायला बासष्ट वर्षं लागली होय रे तुला?"

"माझं लिहिणं आधीपासूनच सावकाश आहे."

ती रडता रडता हसली. सुई बाजूला ठेवली, आणि ज्या एका कानाने अजून ऐकू येत होतं तो कान त्याच्याकडे केला.

"परत वाच," ती म्हणाली.