एका श्रोत्याची एकोणीस वर्षं

"एक माणूस शोधायचाय," म्हाताऱ्या बाई खुर्चीवर टेकत म्हणाल्या, "आणि जिवंत असला तर फार बरं."

सासूबाईंचे जावई हातातली फाइल तशीच धरून उभे राहिले. चेहरा अनोळखी होता. आवाज मात्र त्यांच्या लहानपणी रोज संध्याकाळी घरात यायचा.

"तुम्ही रेडिओवरच्या माई!"

"होते," बाई हसल्या.

खासगी चौकशीचं ते कार्यालय सासूबाईंचं. तीस वर्षं न्यायालयात साक्षी उतरवून घेताना माणूस बोलता बोलता कुठं अडखळतो ते त्यांना कळू लागलं होतं. जावई नोकरी सोडून मदतीला आले आणि अशिलांसमोरही 'सासूबाई' म्हणत राहिले. तेव्हापासून त्या सगळ्यांच्याच सासूबाई झाल्या.

माईंनी पिशवीतून पत्रांचा गठ्ठा काढला.

"आमची मालिका अकरा वर्षं चालली. ती संपली, पाठोपाठ आमचे हे गेले आणि मी काम सोडलं. तेव्हा पहिलं पत्र आलं. 'तुम्ही गप्प बसलात तर आमच्या संध्याकाळी ओस पडतील.' मी पुन्हा उभी राहिले, रेडिओवर कथा वाचू लागले. मग दर महिन्याला पत्र. खाली सही, एक श्रोता. एकोणीस वर्षं! आणि आता दोन महिने काहीच नाही."

"नुसती स्तुती?" सासूबाईंनी विचारलं.

"छे हो! 'तिसऱ्या वाक्याला श्वास चोरलात', असंही. बाकी सगळे वाहवा करतात. मला खरं सांगणारं एवढं एकच माणूस उरलंय."

सासूबाई एकेक पत्र उलगडत गेल्या. कागदाच्या एकाच बाजूला लिहिलेलं. कुठलंच वाक्य एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलेलं नाही. प्रत्येक पानाचा खालचा उजवा कोपरा किंचित वर दुमडलेला. एका पत्रातल्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं: 'किंकाळी फोडण्याआधी तुम्ही डोळे घट्ट मिटायचात, तेव्हा माझ्याही अंगावर काटा यायचा.'

"मालिका कधी लोकांसमोर केलीत?"

"नाही. बंद खोलीत, थेट प्रक्षेपण."

"त्या वेळचं आज कोण हयात आहे?"

"तिघं. निवेदक, पावसावाऱ्याचे आवाज काढणारे आवाजवाले, आणि..." माईंचा चेहरा आक्रसला. "आत्याबाईचं काम करणारी ती. तिच्याकडे जाऊ नका. घराला आग लागते त्या भागात माझं शेवटचं पानच गायब! मी तोंड उघडं टाकून उभी, आणि हिनं मनचे संवाद बोलून वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात हिचंच कौतुक. पान कुणी पळवलं, ते न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? त्यानंतर माइकबाहेर तिच्याशी शब्द बोलले नाही."

निवेदक अजूनही कडक इस्त्रीत होते. त्यांनी जुन्या निवेदनांची पानं दाखवली. त्यांचेही कोपरे दुमडलेले!

"पान उचलताना सळसळ नको म्हणून. बोलणाऱ्या सगळ्यांनाच ती सवय."

"माईंचं काम पाहताना कसं वाटायचं?"

"पाहताना? माझी खोली वेगळी, मध्ये भिंत. लाल दिवा लागला की बोलायचं आणि घरी जायचं."

बाहेर पडताच जावई म्हणाले, "सापडला! कोपरे बघितलेत ना?"

"बघितले," सासूबाई म्हणाल्या. "गाडी काढा, जावईबापू."

आवाजवाल्यांच्या घरात खडीचा ट्रे, कुरकुरणारी दाराची चौकट, पत्र्याचे तुकडे असा सगळा संसार होता. पाहुणे आल्याचा त्यांना कोण आनंद!

"मी कोपऱ्यात असायचो. माईंची पाठ तेवढी दिसायची. पण आवाज! पाऊस म्हणू नका, घोडे म्हणू नका..."

"आग?"

"सोप्पं! कडक कागद हळूहळू चुरगाळायचा. सेलोफेन असला तर उत्तम, नसला तर खाली पडलेली पानं होतीच. वाचून झालेलं पान ही मंडळी जमिनीवर सोडून द्यायची."

आत्याबाईंच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. त्या आरामखुर्चीत शाल लपेटून बसल्या होत्या, उठल्या नाहीत. डाव्या हातानं त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

"तिनं पाठवलंय? मला काही सांगायचं नाही. एकच माइक होता. ती अलीकडे, मी पलीकडे. अकरा वर्षं तेच तोंड बघितलं, पुरे झालं."

"काय हा तोरा!" गाडीत जावई फणफणले. "उठणं नाही, की ग्लास उचलून देणं नाही!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी आवाजवाल्यांना एक फोन केला, मग माईंना. "माणूस जिवंत आहे. चला."

आत्याबाईंच्या दारात माई मागे वळल्या. सासूबाईंनी त्यांचा दंड धरला.

"पाच मिनिटं. मग हवं तर जा."

दोघी समोरासमोर आल्या.

"पत्रातली पानं माइकसमोर वाचायच्या संहितेसारखी आहेत," सासूबाई म्हणाल्या. "वाक्य तुटत नाही, कोपरा दुमडलेला. म्हणजे लिहिणारं माणूस रेडिओवर बोलणारं. आवाजवाले बोलत नव्हते."

"मग निवेदकच!" जावई म्हणाले.

"पत्रात मिटलेल्या डोळ्यांचा उल्लेख आहे. निवेदकांच्या आणि माईंच्या मध्ये भिंत. आवाजवाल्यांना दिसायची पाठ. माईंचे डोळे पाहिले ते माइकच्या पलीकडच्या माणसानं. आणि पत्रं का थांबली? कारण काल या बाईंचा उजवा हात एकदाही शालीबाहेर आला नाही."

आत्याबाईंनी नजर खाली वळवली. "झटका आला. दोन महिने झाले. बोटं वळत नाहीत."

माई समोरच्या खुर्चीवर टेकल्या. "पण माझं पान..."

"त्या दिवशी सेलोफेन संपला होता. आवाजवाल्यांना आजही आठवतंय. तुमची शेवटची दोन पानं चिकटून एकदम खाली गेली असणार. तुमच्या पाठीमागे उभ्या आवाजवाल्यांनी हाताला लागलं ते उचललं आणि आगीसाठी चुरगाळलं. सारं घर पेटलं ते तुमच्याच संवादांवर. पळवलं कुणीच नाही."

माई त्या शालीकडे वळल्या.

"सही का नाही केलीस गं?"

"नाव दिसलं असतं तर न वाचताच फाडलं असतंस."

"फाडलं असतं," माई म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं.

आत्याबाईंनी डावा हात पुढे केला. माईंनी तो दोन्ही हातांत घट्ट धरला. मग डोळे पुसून त्यांनी टेबलावरचा कागद आणि पेन ओढलं.

"दोन महिन्यांचं राहिलंय. सांग, मी लिहून घेते."

"खरं सांगू?"

"मग काय खोटं?"

"लिही, गेल्या गुरुवारची कथा. म्हातारीच्या मरणाला तुम्ही उगाच गळा काढलात."

माईंचं पेन थांबलं. "हे मी लिहिणार नाही. तो प्रसंगच तसा होता!"

"प्रसंग साधा होता. तूच ओढलास."

"ओढला? मी? तू स्वतः त्या लग्नाच्या भागात..."

सासूबाईंनी जावयांना बाहीला धरून बाहेर आणलं आणि दार अलगद लोटून घेतलं.