कणकेवरची बोटं

भिवंडीजवळच्या कोन गावातल्या तुळशीरामला मृदंग शिकायची हौस आली ती बेचाळिसाव्या वर्षी, आणि रियाज करायचा तोही भरदुपारी. दुसरी वेळच नव्हती. आठ लूमचा त्याचा कापडाचा कारखाना दिवसरात्र खडखडायचा. सुताचे गठ्ठे, कामगारांच्या शिफ्ट, भिवंडीच्या व्यापाऱ्यांचे फोन, यातून जेवायलाही सवड मिळायची नाही. त्या २००६ सालात मात्र बारा ते चार लोडशेडिंग असायचं. लूम थांबले, कामगार जेवायला गेले, की तुळशीराम शटर आतून ओढून घ्यायचा आणि मागच्या खोलीत मृदंग घेऊन बसायचा. शटर कशाला, तर कुणी हसू नये म्हणून. उगाच हात दाखवून अवलक्षण कोण करील?

हौस म्हटलं खरं, पण ती मनातली बोच होती. मृदंग त्याच्या वडिलांचा. लडकूबाबांनी गावच्या भजनात चाळीस वर्षं साथ केली, तीही डाव्या हाताच्या चार बोटांनी. करंगळी तुळशीरामच्या जन्माआधीच लूमच्या चाकात गेलेली. जवळ बस, शिकवतो, असं बाबा सांगायचे आणि मुलाचं उत्तर ठरलेलं असायचं, की वेळ न्हाय.

मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापल्याशिवाय आवाज घुमत नाही. वाजवून झालं की ती खरवडून काढायचीच, नाहीतर उंदीर कणकेबरोबर चामड्याची पुडीही खातात. शेवटच्या भजनानंतर थकलेल्या बाबांनी मुलाला एवढंच काम सांगितलं होतं. तुळशीराम हो म्हणाला, गठ्ठे उतरवायला गेला आणि विसरला. सकाळी पाहतो तर पुडी कुरतडलेली. बाबा एक शब्द बोलले नाहीत. मृदंगाला पुन्हा शिवलेही नाहीत, आणि तीन महिन्यांत गेले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तुळशीरामला रोज वाटायचं.

म्हणून त्यानं नवी पुडी चढवून घेतली आणि वर्षश्राद्धाच्या भजनाला आपणच वाजवायचं ठरवलं. बाबांचे भजनातले जोडीदार सावळारामबुवा रविवारी दिघाशीहून यायचे. ही बोटं आहेत की वखारीतल्या फळ्या, असं म्हणायचे, पण यायचे.

चैत्रातली एक दुपार. लूम थांबले तेव्हा कानात नुसतं घूं होत राहिलं. खोलीत तेलाचा आणि सुताच्या धुळीचा वास कोंडला होता, आणि डोक्यावर पत्रा उन्हानं मधूनच कट्कन वाजत होता. त्या दिवशी कणीक भिजवायलाही फुरसत मिळाली नव्हती. तुळशीराम तसाच बसला. डावा हात पडला की बद्द. पुन्हा बद्द. वैतागून तो उठला, कोपऱ्यातल्या माठातलं पाणी प्यायला, परत येऊन बसला आणि हात टाकला.

घुम्म.

आवाज सगळ्या कारखान्यात फिरून परत आला. तुळशीरामनं मृदंग हळूच वळवला. डाव्या तोंडावर कणीक होती. ओली. तिच्यावर चार बोटं उमटली होती, आणि करंगळीची जागा कोरी.

त्याची पाचावर धारण बसली. शटर आतून बंद होतं.

"बाबा... रागावलाव काय?"

बाबा मळायचे त्या तंबाखूचा वास आला आणि विरून गेला.

पुढचे चार दिवस तो त्या खोलीकडे फिरकला नाही. रविवारी बुवांना सगळं सांगितलं. बुवांनी टाळांची दोरी आवळली.

"रागानं आलेला मानूस पुडी फारतो रं... कनीक न्हाय लावत."

ते अर्धंच पटलं, पण तुळशीराम पुन्हा बसायला लागला.

वर्षश्राद्धाचं भजन संध्याकाळी पडवीत झालं. तो दोनदा चुकला, एकदा तर बुवांनी डोळे वटारले. पण शेवटच्या गजराला हात असा सुटला की म्हातारे मान डोलवायला लागले. एकदाचं गंगेत घोडं न्हालं. मग पंगत, पाहुण्यांना निरोप, रात्रपाळीचे कामगार. मृदंग घाईघाईनं कारखान्यातल्या खोलीत ठेवून त्यानं कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी बाराला लूम थांबले, आणि त्या शांततेत त्याला आठवलं. कणीक.

पुन्हा तीच चूक. तो खोलीकडे धावला. आई, जानकीबाई, जेवणाचा डबा घेऊन नुकतीच आली होती. ती त्याच्या मागे धावली. त्यानं कुलूप उघडलं.

खोलीभर उंदरांच्या लेंड्या पडल्या होत्या. पुडी मात्र साफ, पुसलेली, अखंड. शेजारी केळीच्या पानाच्या तुकड्यावर खरवडलेल्या कणकेचा गोळा दाबून ठेवलेला.

तुळशीरामचा जीव भांड्यात पडला. तो तिथंच फरशीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. बाबांसाठी जे त्याच्या हातून झालं नव्हतं, ते त्यांनी न मागता करून ठेवलं होतं. राग नव्हता. कधीच नव्हता. वर्षभराचं ओझं उतरलं आणि त्याला हसूही फुटलं.

मग त्यानं गोळ्यावर उमटलेला ठसा नीट पाहिला.

"आये... ही पाच बोटं हायेत."

जानकीबाई वाकली.

"करंगली जायच्या आधीचा हाय," ती हळूच म्हणाली. "ह्योच हात मी लग्नान धरला व्हता."

तिनं आपला हात त्या बोटांवर ठेवला, आणि दचकून काढून घेतला.

"हात ऊन हाय रं अजून..."